टाकीच्या आडोशाला

पाचवा आठवडा सरत आला तरी शेवंतीच्या कडेच्या बेडवर कळी नव्हती. आमची जात नऊ आठवड्यांची, म्हणजे दिवे बंद केल्यापासून नवव्या आठवड्यात काढणी. तिसऱ्या आठवड्यात शेंड्याला बोट लावलं की बारीक गाठ लागायला हवी. इथे शेंडा नुसती पानं काढत वर चालला होता, आणि पलीकडच्या बेडवर बायका बगलकळ्या खुडत होत्या.

शेवंतीला फूल अंधारात धरतं, हे बाहेरच्यांना पटत नाही. लागवडीनंतर दांडा उंच व्हावा म्हणून आम्ही रात्री दहा ते दोन दिवे लावतो, म्हणजे रात्रीचे दोन तुकडे होतात. झाडाला वाटतं, दिवस अजून मोठे आहेत, ते वाढत राहतं. दिवे थांबवले की सलग लांब रात्र मिळते आणि कळी धरते. आमचा सगळा धंदा या फसवणुकीवर चालतो.

सल्लागाराला भर दुपारी फोटो पाठवले. दुपारीच उत्तर आलं: जस्त कमी आहे, फवारा. फोटो बघून औषध सांगणाऱ्यांविषयी माझं मत आधीही बरं नव्हतं, तरी फवारलं. मग मी मावशींवर घसरलो. छाटकलमं त्यांच्या हातून ट्रेमध्ये जातात, दुसरी जात मिसळली असणार. त्या एवढंच म्हणाल्या, "मिसळली असती तर टाकीच्या आडोशाला कशी फुलली असती, दादा?"

खरंच, त्या हिरव्या पट्ट्यात पाण्याच्या टाकीसमोर पाचरीसारखा एक तुकडा कळ्यांनी लगडला होता. मी ऐकलं आणि भलताच अर्थ काढला: टाकी गळतेय, ओलीने तेवढी झाडं सुधारली. दोन दिवस चर खणून पाइप उघडा केला. कोरडा ठणठणीत.

आता लिहिताना लाज वाटते. गळती असती तर ओल टाकीपाशी जास्त आणि पुढे कमी होत गेली असती. ही पाचर उलटी होती. टाकीपाशी टाकीएवढी, पुढे पसरत गेलेली. असा आकार सावलीचा असतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण दिवसा टाकीची सावली दुसरीकडे पडायची, आणि मी दिवसाच जायचो.

मोटर बंद पडली म्हणून रात्री एक वाजता जावं लागलं. पंपघराच्या भिंतीवर पांढरा एलईडी जळत होता. चोऱ्या वाढल्या म्हणून तो मीच बसवून घेतला होता, तोही पिकाचे दिवे बंद केले त्याच आठवड्यात. टाकीची सावली बेडवर पडली होती, आणि तिच्या कडा कळ्यांच्या कडांना जुळत होत्या. मोटर तशीच राहिली. मी उजेड मोजायचा लक्समीटर आणला. कडेच्या ओळीवर २२, पाच मीटर आत ४, सावलीत शून्य. २२ लक्स म्हणजे काय, पेपरही धड वाचवत नाही. शेवंतीला तेवढ्यानेही रात्र झाली असं वाटेना.

मग बॅटरी घेऊन ओळीओळीने बघत गेलो. कडेला कळीचा पत्ताच नाही. मधल्या ओळींत कळी धरलेली पण तिथेच अडलेली. तिच्याखालची पानं अरुंद, पट्टीसारखी, शेवंतीची वाटूच नयेत अशी. बगलेतले फुटवे कळीला मागे टाकून वर गेलेले. त्यापलीकडे सगळं ठीक. मीटर नसता तरी नुसत्या पानांवरून उजेड किती आत गेला ते सांगता आलं असतं. इतकी वर्षं हे पीक घेतोय, पण हे असं एका बेडवर मांडलेलं कधी पाहिलं नव्हतं. नुकसान विसरून अर्धा तास तिथेच होतो.

दिवा काढला. त्या ओळींचे नऊ आठवडे तिथून नव्याने मोजायचे. दांडे फार लांबणार म्हणून आधाराच्या जाळीचा आणखी एक थर चढवला. ज्या आठवड्याचा माल कबूल केला होता तो आठवडा गेलाच.

एक मात्र कळत नव्हतं. मावशींनी 'आडोसा' म्हटलं होतं. आडोसा कशापासून, हे मी तेव्हा विचारलंच नाही. परवा विचारलं.

"पहाटे काढणीला जाताना तिथून जातो ना आम्ही," त्या म्हणाल्या. "सगळीकडे उजेड. टाकीपाशी तेवढी बॅटरी लावायला लागायची."

मी आठला येतो.

"तो चर बुजवायचा का आता?" त्यांनी विचारलं. "पाट्या घेऊन वळसा पडतो."