आमच्या कॉमिक्सचं काय झालं, तर...

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा प्रश्न मी हसून टाळते. नाशिकात कुणाच्याही लग्नाला गेलं आणि पंगतीत शेजारी जुन्या वाड्यातलं कुणी बसलं, की जिलबी येईपर्यंत विषय निघतोच. "काय गं, तुम्हा भावंडांच्या त्या कॉमिक्सचं काय झालं?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "आज असती तर लाखात गेली असती!"

तिवंध्याजवळ एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये. (नाशिककर नुसतं 'प्रेस' म्हणाला की ती नोटांची, पेपरवाल्यांची नव्हे.) देशाच्या नोटा जिथे छापतात तिथला हा माणूस पगाराच्या दिवशी स्टेशनवरच्या स्टॉलवरून मोजून दोन कॉमिक्स आणायचा. तिसरं कधी आणलं नाही.

ती बहुतेक इंद्रजालची असत. टाइम्सवाल्यांनी १९६४ साली काढलेली ही कॉमिक्स मराठीतूनही यायची. त्यांत वेताळ, जादूगार मॅन्ड्रेक, पुढे बहादूर. हा वेताळ म्हणजे ली फॉक नावाच्या अमेरिकन माणसाने १९३६ मध्ये जन्माला घातलेला फँटम, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे माझा एक जबरदस्त घोळ झाला होता. घरात चांदोबाही यायचा आणि त्यात दुसरा वेताळ. विक्रम राजाच्या खांद्यावरच्या प्रेतात बसलेला, शंकर यांच्या त्या सुंदर चित्रातला. मला कितीतरी दिवस वाटायचं की दोघं एकच. दिवसा डेंकालीच्या जंगलात गुंडांना ठोसे मारायचे आणि रात्री स्मशानात ड्यूटी करायची. दादाला हे सांगितलं तेव्हा तो ओट्यावरून पडेस्तोवर हसला. मला अजून तो तर्क तितकासा वेडगळ वाटत नाही.

दादाचा जीव बहादूरवर. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये आणलेला, जीन्सवर कुर्ता घालून डाकूंशी लढणारा आपल्या मातीतला हीरो. पण ठसा मात्र दादाने वेताळाचाच उचलला, तो ज्याला ठोसा मारी त्याच्या हनुवटीवर अंगठीतली कवटी उमटायची तो. खोडरबरावर ब्लेडने कवटी कोरली, शाईत बुडवली आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाच्या हनुवटीवर उमटवली. शाई दोन दिवस गेली नाही. त्याच्या आजीने आमच्या आईला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

१९७९ च्या मे महिन्यात आम्ही लायब्ररी काढली. ओट्याच्या दोन खांबांना सुतळी बांधायची आणि तिच्यावर कॉमिक्स वाळत घातल्यासारखी टांगायची. ओट्यावर बसून वाचायचे १० पैसे, घरी न्यायचे १५. उशीर झाला तर दिवसाला ५ पैसे दंड. दंडाची कल्पना सार्वजनिक वाचनालयातून उचललेली. वडिलांबरोबर तिथे पुस्तक बदलायला जायचो. १८४० सालचं ते वाचनालय, त्याच्या तोडीस तोड आपलं, अशा थाटात दादा ओट्यावर बसायचा. हिशेबाची वही माझ्याकडे.

ती वही अजून माझ्याकडे आहे. चाळीस पानी, वर गणपतीचं चित्र. लायब्ररी चार उन्हाळे चालली. शेवटच्या पानापर्यंत बघितलं तर ३१ कॉमिक्स 'बाहेर' आहेत, म्हणजे नेली ती परत आलीच नाहीत. समोर नावं आहेत. तेव्हा माझ्या उत्तराचा पहिला भाग असा की आमच्या कॉमिक्सचं काय झालं हे मला विचारण्याआधी आपापल्या घरचे माळे एकदा बघा.

आता ते लाखाचं. हे खूळ अमेरिकेतून आलं. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा १९३८ चा अंक, मूळ किंमत १० सेंट, २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरना गेला. ही बातमी वाचली की प्रत्येकाला आपला माळा आठवतो. पण त्या अंकाला तो भाव आला तो मुळात बहुतेकांनी तो फेकून दिला म्हणून. सगळ्यांनी जपून ठेवला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. जुन्या अंकांना हौशी लोक आज चांगले पैसे देतात, नाही असं नाही. पण त्यांना अंक कोरा लागतो. आमच्या प्रत्येक अंकावर दादाने बॉलपेनने आकडा घातलेला, मॅन्ड्रेकला दाढी काढलेली, कोपरे थुंकी लावून उलटून काळे पडलेले. त्यात वर्तमानपत्राचा कागद. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात तसंच राहतं, ते हवा-उजेडाने पिवळं पडत जातं, कागद कडक होतो आणि घडीवर तुटतो. पिना गंजतात ते वेगळंच. लाख सोडा, त्यात एक मिक्सर आला नसता.

आणि हळहळ वाचनासाठी म्हणाल तर तीही फारशी पटत नाही. 'किशोर' या मुलांच्या मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. हळहळणाऱ्या किती जणांनी ते उघडले, विचारा.

माझं लक्ष असतं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. आमच्या पिढीत कुणालाही विचारा, कॉमिक्स कुठे गेली? उत्तर ठरलेलं: आईने रद्दीत घातली. दिवाळीची साफसफाई, रद्दीवाला, तराजू, संपलं. आमचा एक सराफ बाजारातला मित्र तेवढा वेगळं सांगतो. त्याची म्हणे २००८ च्या पुरात गेली. त्या वर्षी गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला होता, सराफ बाजारात पाणी शिरलं होतं, सगळं खरं. पण याचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथवर गोदामाई चढली असती तर कॉमिक्ससाठी रडायला नाशिकात कुणी उरलं नसतं. तरीही त्याचं मला बरं वाटतं. त्याने निदान आईला मध्ये घेतलं नाही.

आमच्या घरी दादा हेच सांगतो. आईने रद्दीत घातली. गेली अडतीस वर्षं, पाहुण्यांसमोर, हसत हसत, आईच्या देखत आणि आता आईच्या फोटोसमोर.

आईने घातली नव्हती. मी घातली.

१९८७ चा पावसाळा संपत आला होता. दादा इंजिनिअरिंगला पुण्यात होस्टेलवर. माझं कॉलेजचं पहिलं वर्ष, वेरूळ-दौलताबादची सहल, वर्गणी ४० रुपये. वडिलांनी २० दिले आणि पेपर उघडला. त्यांनी पेपर उघडला की विषय संपायचा. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत कॉमिक्स होती, शंभराच्या वर. सतरा वर्षांच्या मुलीला तेव्हा वेताळाशी काही कर्तव्य नव्हतं. आई बुधवारच्या बाजाराला गेली तेव्हा मी रद्दीवाल्याला वर बोलावलं. साडेआठ किलो भरली. अडीच रुपये किलोने २१ रुपये २५ पैसे. त्याने सव्वा रुपयासाठी घासाघीस केली नाही, म्हणून मी त्याला पाणी विचारलं. भाव कमी सांगितला होता हे मागाहून कळलं.

सहल छान झाली. परत आल्यावर महिनाभर मी घाटावरची भेळ खाल्ली नाही. कागद ओळखीचा निघेल ही भीती.

दिवाळीला दादा आला. आल्या आल्या शिडी लावून माळ्यावर चढला. मी ओट्यावर रांगोळीचे ठिपके मोजत बसले, एकाच ओळीतले चार वेळा. तो खाली उतरून स्वयंपाकघरात गेला. आई चकल्या तळत होती.

"आई, ट्रंकेतली कॉमिक्स?"

"वाळवी लागली होती रे. दिली काढून."

कढईवरून नजरही वर केली नाही तिने. दादा खूप चिडला, दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही, फराळाला हात लावला नाही. (चिवडा खात होता. मी पाहिलं.) तिला काही माहीत नसेल, तिला खरंच वाळवी दिसली असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. रात्री मांडणीवर डबे लावताना तिने विचारलं, "वेरूळ नीट बघितलंस ना?" मी हो म्हटलं. विषय तिथेच मिटला, तिने परत कधी काढला नाही. दादा चारचौघांत सांगायचा तेव्हा ती नुसती म्हणायची, "हो बाबा, माझंच चुकलं."

त्यामुळे कुणीही 'आईने रद्दीत घातली' म्हटलं की मला त्या घरात एखादी बहीण आहे का ते विचारावंसं वाटतं.

दादा हे वाचेल. वाचून फोन करेल किंवा चिवडा खाईल.

२०१४ मध्ये वाडा पाडायला दिला. आवराआवर करताना ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला कागद उचलला तर खाली एक बहादूर निघाला. मी ट्रंक उपडी केली तेव्हा चिकटून राहिला असणार. कव्हर अर्धं गेलेलं. पहिल्या पानावर दादाचा आकडा नाही. शाईच्या पेनने नाव लिहिलंय, खाली 'पुस्तक परत न करणाऱ्यास पाप लागेल', आणि पत्ता: सराफ बाजार, तिसरा मजला. लायब्ररीत अंक कमी पडायला लागल्यावर आम्ही मित्रांकडूनही भाड्याने लावायला आणायचो, वहीत ती बाजू कधी मांडली नाही.

माझ्या अंदाजाने तो १९८२ च्या सुट्टीत आणलेला. दिवसाला ५ पैसे, आमच्याच नियमाने, सात-आठशे रुपये होतात. पंगतीत तो शेजारी बसून लाखाच्या गोष्टी करायला लागला की मी हा हिशेब मनातल्या मनात करते आणि वाढप्याला जिलबी त्याच्याकडे न्यायला सांगते.