मधलंच विचारलं तर

पाढे पाठ असलेल्या माणसाला मधलंच काही विचारू नये. सतराचा पाढा तो घडाघडा म्हणेल, पण ‘सतरा सत्ते?’ म्हटलं की ओठ हलायला लागतात. सतरा एकेपासून मनातल्या मनात पळत यावं लागतं. आमचं सगळं पाठांतर असं रांगेतलं. तिन्हीसांजेला शुभंकरोती झालं की परवचा. आमच्या आधीच्यांना तर पावकी-निमकीही यायची. चाल इतकी बसलेली असायची की आकडा चुकला तर आधी कानाला खटकायचं.

माझा भाचा राज्यसेवेची तयारी करतो, सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत. त्याचा फोन मात्र फक्त मधलंच विचारतो. अ‍ॅपचं नाव आन्की. पडद्यावर प्रश्न येतो: ‘वित्त आयोग, कलम?’ मनात उत्तर द्यायचं, मग बोट टेकवून कार्ड उलटायचं: 280. खाली चार बटणं असतात, अगेन, हार्ड, गुड, इझी. आलं की नाही आणि कितपत आलं, ते आपलं आपणच सांगायचं. गुड दाबलं की कार्ड लांब जातं. दहा दिवसांनी आलेलं पुढच्या वेळी पंचवीस दिवसांनी, मग दोन महिन्यांनी. अगेन दाबलं की पुन्हा दारात हजर. अर्धवट आठवलं तरी गुड दाबायचा मोह होतोच. बघायला कोणी नसतं, पण तेच कार्ड महिनाभरानं येऊन तोंडघशी पाडतं.

यामागची गोष्ट जुनी आहे. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि कधी किती विसरतो ते मोजलं. 1885 साली त्यानं ते पुस्तकात मांडलं. माणूस सुरुवातीला भराभर विसरतो आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. पुढे सेबास्टियन लाइटनरनं कार्डांसाठी खणांचा खोका सुचवला: आलेलं कार्ड पुढच्या खणात, चुकलेलं परत पहिल्यात. पोलंडमध्ये विद्यार्थी असताना पिओतर वोझनियाकनं 1987 मध्ये हा हिशेब संगणकाकडे सोपवला. आन्की आलं 2006 मध्ये, डेमियन एल्म्स या जपानी शिकणाऱ्या माणसाकडून. विसरायच्या बेतात असतानाच आठवायला लावायचं, एवढंच या सगळ्यांचं म्हणणं. गंमत अशी, की जे पक्कं येतं ते दिसेनासं होतं आणि रोज समोर येतो तो आपला कच्चा माल. परवच्यात बे एके बे म्हणताना जी ऐट यायची, ती इथे नाही.

त्याचे डोळे थकले की फोन माझ्याकडे येतो. मी विचारायचं, त्यानं सांगायचं. राष्ट्रपतींचा वटहुकूम? 123. राज्यपालांचा? 213. तेच तीन आकडे, नुसती जागांची अदलाबदल. रात्री बरोबर सांगितलेलं सकाळी उलटं व्हायचं. कार्ड पाठ होऊन पुन्हा आठदा विसरलं की आन्की त्याला ‘लीच’ म्हणजे जळू ठरवून बाजूला काढतं. 213ची जळू झाली तेव्हा तो वैतागला. मला ते अ‍ॅपचं शहाणपण वाटलं. जे इतक्यांदा घोकून बसत नाही, ते घोकण्याचं कामच नव्हे. मग त्यानं कार्ड पुसून नव्यानं लिहिलं: ‘देशाला राष्ट्रपती एकच, म्हणून एकनं सुरू होणारं कलम त्यांचं.’ त्यानंतर ते चुकलेलं नाही. दुसऱ्यानं केलेली तयार कार्डं हजारोंनी फुकट मिळतात, तीही त्यानं उतरवून घेतली आहेत. पण माझ्या मते निम्मा अभ्यास कार्ड लिहितानाच होतो. दुसऱ्याची कार्डं फिरवणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यानं पेपर वाचणं.

रांग मोडायची युक्ती आपल्याकडेही होतीच म्हणा. वेदपाठी घनपाठ म्हणतात त्यात शब्द सरळ जातात, उलटे येतात, पुन्हा सरळ जातात: एक दोन, दोन एक, एक दोन तीन, तीन दोन एक, एक दोन तीन. नुसत्या चालीवर तरून जायची सोयच ठेवलेली नाही. फरक इतकाच, की तिथे समोर गुरुजी असतात आणि सुटका नसते.

कार्डांना मर्यादा आहेच. पूर्वपरीक्षेत चारांतला एक पर्याय निवडायचा असतो, तिथे 280 आठवलं की काम झालं. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. वित्त आयोगानं राज्यांचं काय भलं केलं हे पानभर लिहायचं, तर सुटे आकडे एकमेकांशी बोलायला हवेत. ते कुठलंही बटण दाबून होत नाही. त्यासाठी तो हल्ली जाड वही घेऊन बसतो, आणि मला हायसं वाटतं.

बाकी हे अ‍ॅप सणवार पाळत नाही. रोज वीस नवी कार्डं घेतली तर उजळणीचीच दोनशेच्या घरात जातात. गौरी-गणपतीला तो गावी गेला, फोनला रेंज होती, पण आरत्या, मोदक आणि चुलतभावंडांपुढे कलमांचं काय चालणार? परत आला तर ढीग साचलेला. ‘मावशी, सगळं रीसेट करू का?’ म्हणाला. मी म्हटलं, नवी कार्डं शून्यावर आण आणि आहेत ती उपस. सध्या तेच चाललंय. काल राज्यपालांचा वटहुकूम आला होता, त्यानं इझी दाबलं.