पोलो १.५ टीडीआय: ऑइल बदललं, आता मीटरवरचा पाना घालवायचा

ऑइल आणि फिल्टर झाले. चेंबरच्या तळाचा, ऑइल काढायचा ड्रेन नट नवा टाकला, कारण त्याचा वॉशर नटालाच बसवलेला येतो आणि एकदा दबला की पुन्हा नीट सील करत नाही. नट ३० न्यूटन मीटरला आवळला. चेंबर अॅल्युमिनियमचं असेल तर जोर लावून आवळण्याची सवय महागात पडते, आटे जातात. ऑइल फिल्टरसकट साधारण ४.३ लिटर लागतं, पण आधी ४ लिटर ओता, दोन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा आणि उरलेलं डिपस्टिक बघून भरा. पुण्यात नाना पेठेत ऑइलचा डबा घेताना नुसतं ५डब्ल्यू-३०, म्हणजे ऑइलच्या जाडपणाचा ग्रेड, वाचून समाधान मानू नका. मॅन्युअलमध्ये दिलेला फोक्सवॅगनचा मानक क्रमांक डब्याच्या मागे छापलेला असला पाहिजे.

आता रीसेट, म्हणजे सर्व्हिसची आठवण करून देणारं मीटरवरचं पान्याचं चिन्ह घालवणं. चावी बंद. मीटरवरचं ०.० / सेट बटण, म्हणजे ज्यानं ट्रिप शून्य करतो तेच, दाबून धरा. धरलेलं असतानाच चावी ऑन करा. इंजिन सुरू करायचं नाही. मग बटण सोडा आणि २० सेकंदांच्या आत घड्याळाचं मिनिटाचं बटण एकदा दाबा. चावी बंद करून पुन्हा ऑन करा. पाना आणि सर्व्हिसचा संदेश आला नाही, तर काम झालं. नव्या मीटरच्या गाड्यांवर मिनिटाच्या बटणाऐवजी खात्री करणारा प्रश्न येतो, तिथे तेच ०.० बटण पुन्हा दाबायचं.

जमत नसेल तर कारण बहुतेक वेळा क्रमात असतं. चावी आधी ऑन केली आणि बटण नंतर दाबलं, तर फक्त ट्रिप शून्य होते. २० सेकंद उलटले की मीटर नेहमीच्या स्थितीला परत जातं आणि मिनिटाच्या बटणानं घड्याळच बदलतं. बॅटरीची वायर काढून लाइट जाईल, हा सल्ला बऱ्याच गॅरेजमध्ये मिळतो. तो चुकीचा आहे: सर्व्हिसचा हिशेब मीटरच्या आत साठवलेला असतो आणि बॅटरी काढली तरी तो राहतो. जातं ते घड्याळ, आणि खिडक्यांचं वन-टच पुन्हा शिकवावं लागतं.

टोयोटाच्या अनेक गाड्यांवर पद्धत याच धाटणीची आहे: चावी ऑन करून आधी ट्रिप ए समोर आणा, चावी बंद करा, बटण दाबून धरून पुन्हा ऑन करा, आकडे शून्य होईपर्यंत सोडू नका. ट्रिप ए नसून ओडोमीटर समोर असेल तर रीसेट होत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून लक्षात ठेवा. आपल्याकडच्या ठरावीक अंतराच्या सर्व्हिसमध्ये हा पाना ऑइल तपासत नाही. तो फक्त किलोमीटर आणि दिवस मोजतो: १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. म्हणून दोन सर्व्हिसच्या मध्ये उगाच रीसेट करू नका, मोजणी त्या दिवसापासून नव्यानं सुरू होते. आणि लाल तेलाच्या डब्याचा दिवा वेगळा. तो ऑइलच्या दाबाचा आहे. लागला की गाडी जागीच बंद करायची.

पुण्यात किलोमीटरचा हिशेब अपुरा पडतो, हे माझं ठाम मत. ट्रिप डिस्प्लेवरचा सरासरी वेग बघा. हिंजवडीच्या रोजच्या रांगेत तो ताशी २० असेल, तर १५,००० किलोमीटर म्हणजे इंजिनचे ७५० तास. एक्सप्रेसवेवर ५० च्या सरासरीनं तेवढंच अंतर ३०० तासांत होतं. ऑइलला तास जाणवतात, अंतर नाही. म्हणून शहरात फिरणाऱ्या गाडीसाठी ७,५०० किलोमीटरला बदल ठेवलाय, मधला बदल मीटरवर न नोंदवता बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर तारीख, ओडोमीटर आणि ऑइलचा ग्रेड लिहून.

पुढचं काम: एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर. काढलेलं काळं ऑइल बंद डब्यात ठेवलंय, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेवाल्याकडेच जाईल, नाल्यात नाही.