फ्रीजचा गॅस संपत नसतो

"ताई, फ्रीज गार होईना झालाय बघा. गॅस संपला असंल, कुणाला तरी पाठवा." उन्हाळा लागला की हे वाक्य मी दिवसभर ऐकते. कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमचं फ्रीज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. बाबा आणि धाकटा भाऊ घरोघरी जातात. फोन मी घेते आणि दुकानात आणलेलं मशीनही मीच उघडते. म्हणून आज आधी गॅसबद्दलच लिहिते, कारण माणसांचे सगळ्यात जास्त पैसे तिथंच विनाकारण जातात.

फ्रीजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या जाळीत किंवा बाजूच्या पत्र्याआड तो उष्णता सोडून द्रव होतो, मग कॅपिलरी नावाच्या केसासारख्या बारीक नळीतून फ्रीझरमध्ये शिरतो आणि तिथं उकळताना आतली उष्णता ओढून घेतो. नळीला कुठं भोक पडलं नाही तर कारखान्यात भरलेला गॅस फ्रीजच्या अखेरपर्यंत पुरतो. दर दोन-तीन वर्षांनी गॅस भरून घ्यावा लागतो असं कुणी सांगितलं तर त्याला दारातूनच नमस्कार करा.

म्हणून फोनवर मी आधी चार गोष्टी विचारते. आतला बल्ब लागतो का? कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येते का? वरचा फ्रीझर बर्फ करतो का? आणि करत असेल तर बर्फ सगळीकडं आहे की एकाच कोपऱ्यात? शेवटच्या प्रश्नावर लोक गोंधळतात, पण सगळ्यात जास्त माहिती त्याच उत्तरात असते. गॅस खरंच कमी झाला असेल तर नळीच्या सुरुवातीला, एका कोपऱ्यात पांढरं धरतं आणि बाकीचा फ्रीझर कोरडा राहतो. कॉम्प्रेसर मात्र थांबायचं नाव घेत नाही.

डबल डोअरवाल्यांची तक्रार वेगळी असते: "वर बर्फ होतोय, खाली भाजी सुकायलीय, दूध नासतंय." वर बर्फ होत असेल तर शंका गॅसवर आधी घ्यायचीच नाही. मंगळवार पेठेतल्या एका काकूंना अशाच फ्रीजसाठी कुणीतरी गॅस भरायचा खर्च सांगून गेलं होतं. त्यांनी दुसरं मत घ्यावं म्हणून आम्हाला फोन केला. मी भावासोबत गेले. फ्रीझरमधलं सामान काढलं, मागचं प्लॅस्टिकचं पॅनेल उघडलं, तर आत कॉइलचं, म्हणजे गॅसच्या गार नळीच्या वेटोळ्यावरचं, एकही पत्र्याचं पान दिसेना. पानांच्या फटी गच्च भरल्या होत्या आणि बर्फ पंख्याच्या पात्याला टेकला होता. पंखा जागच्या जागी थरथरत होता. या फ्रीजमध्ये गार हवा खाली नेतो तो हा पंखाच. तो अडला की वर हिमालय आणि खाली चैत्र.

असा बर्फ साचतो कारण हे डबल डोअर फ्रीज फ्रॉस्ट फ्री म्हणवतात, पण म्हणजे बर्फ होतच नाही असं नसतं. बर्फ होतो, पण ठरावीक वेळानं कॉइलखालचा हीटर लागून तो वितळवतो आणि पाणी नळीनं खाली जातं. काकूंच्या फ्रीजमध्ये हीटर चांगला होता, त्याच्या वायरीतला थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणारा पार्ट, उडाला होता. गॅस भरण्यापेक्षा कितीतरी कमी खर्चाचा पार्ट. तो बदलला, बर्फ वितळवला, पाण्याची वाट मोकळी केली. काकूंनी चहा केला आणि आधी भरायला निघालेल्या पैशांचा हिशोब सांगत बसल्या. मला त्या माणसाचा अजून राग आहे. पॅनेल उघडायला चार स्क्रू काढावे लागतात, तेवढेही त्यानं काढले नव्हते.

घरच्या घरी करण्यासारखी खूण सांगते. डबल डोअर खाली गार होत नसेल, तर प्लग काढून सगळं रिकामं करा, दोन्ही दारं उघडी ठेवा आणि एक पूर्ण दिवस तसंच सोडा. खाली पोतं किंवा जुनी चादर टाका, पाणी भरपूर येतं. मग चालू करा. आठवडा-दोन आठवडे छान चाललं आणि पुन्हा खालचं गार बंद झालं, तर दोष डीफ्रॉस्टच्या, म्हणजे बर्फ वितळवायच्या भागात आहे: हीटर, सेन्सर, फ्यूज, टायमर यांपैकी काहीतरी. मेकॅनिकला हे आधीच सांगा.

सिंगल डोअरवाल्यांनी एकच गोष्ट पाळावी. फ्रीझरला सुरी लावायची नाही. आषाढात मटणाच्या पिशव्या फ्रीझरच्या तळाला चिकटतात, पाहुणे दारात असतात आणि कुणीतरी सुरी नाहीतर उलथन्याचं टोक घालतं. तो ॲल्युमिनियमचा पत्रा म्हणजेच गॅसची नळी आहे, दोन पत्र्यांच्या मधेच तिची वाट असते. 'फुस्स' असा आवाज आला की संपलं. आमच्याकडं येणाऱ्या खऱ्याखुऱ्या गॅस गळतीत सुरीची भोकं मी फार बघते. बर्फ अर्धा सेंटिमीटर झाला की झोपताना थर्मोस्टॅटच्या, म्हणजे गारवा कमी-जास्त करायच्या चकतीच्या, मधलं बटण दाबा, फ्रीझरखालचा ट्रे रिकामा ठेवा आणि सकाळी पाणी ओता. घाई असेल तर प्लग काढून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा आणि दार उघडं सोडा. अर्ध्या तासात बर्फाचे तुकडे हातानं निघतात.

आता भोक खरंच पडलंय आणि गॅस भरायचाच आहे, तर समोर उभं राहून बघा. आधी गळती सापडली पाहिजे. ती बुजवली पाहिजे, ओल आणि कचरा अडवणारा फिल्टर ड्रायर नवा घातला पाहिजे, मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली पाहिजे. त्यानंतर फ्रीजच्या लेबलवर लिहिलेला गॅस, लिहिलेल्या ग्रॅममध्ये, वजनकाट्यावर तोलून. आताच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो थोडाच लागतो, बहुधा शंभर ग्रॅमच्याही आत. एवढ्यात दहा-पंधरा ग्रॅमचा फरक पडला तरी फ्रीज नीट चालत नाही, मग अंदाजानं भरून कसं चालेल? शिवाय हा गॅस पेट घेतो. स्वयंपाकघरात काम चालू असेल तर शेगडी बंद, देवापुढची निरांजन बंद, खिडक्या उघड्या. गॅस आत असताना नळीला ज्योत लावणाऱ्याला सरळ थांबवा. आधीच्या आर-१३४ए वाल्या फ्रीजमध्ये हा धोका नव्हता, त्यामुळं काही जुन्या हातांना सवय लागलेली नाही.

फ्रीज चालूच होत नाही, थोड्या थोड्या वेळानं 'टक्' आवाज येतो आणि पुन्हा शांत, अशी तक्रार करवीर, पन्हाळ्याकडच्या वाड्यांवरून संध्याकाळी जास्त येते. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं. कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतो, उठत नाही, तापतो आणि ओव्हरलोड नावाचा सुरक्षेचा पार्ट त्याची वीज तोडतो. तो टक् आवाज त्याचाच. अशा वेळी प्लग काढून ठेवा. तशीच ओढाताण चालू राहिली तर कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग जळतं. गावाकडं साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या कॉम्प्रेसरला स्टॅबिलायझर हवाच. व्होल्टेज ठीक असूनही टक् टक् असेल तर बऱ्याचदा रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा पार्ट, गेलेला असतो. काढून कानाजवळ हलवला की आत खुळखुळतो, हातावर काळी पूड पडते. छोटा पार्ट आहे, पण तो मेकॅनिककडूनच बदलून घ्या. लाईट गेली आणि लगेच आली तर फ्रीज बंद करून पाच मिनिटं थांबा, नळ्यांतला दाब समान झाल्याशिवाय कॉम्प्रेसरला जोर लावायला लावू नका.

दाराच्या रबराकडं कुणी बघत नाही. दारात नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर तिथून हवा जाते. चारही बाजूंनी बघा. पुष्कळदा रबर गेलेलं नसतं, त्याच्या घडीत दुधाचे ओघळ आणि चटणीचे कण वाळून बसलेले असतात. कोमट साबणपाणी, जुना टूथब्रश, मग कोरडं फडकं. पुढचे पाय थोडे उंच करा म्हणजे दार आपोआप मागं पडतं. भिंतीपासून चार बोटं तरी जागा सोडा. नव्या फ्रीजच्या बाजू गरम लागतात म्हणून घाबरून फोन येतात. जाळी आता बाजूच्या पत्र्यामागं असते, उष्णता तिथूनच बाहेर पडते. त्याला चिकटून तांदळाचा डबा मात्र ठेवू नका.

मागच्या ट्रेबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. कॉम्प्रेसरच्या वर एक प्लॅस्टिकचा ट्रे असतो, डीफ्रॉस्टचं पाणी त्यात पडतं. साधारणपणे कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं ते उडून जातं, पण पावसाळी दमट हवेत साचून राहतं. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी तपासणीला आले की फ्रीजमागं टॉर्च मारतात तो याचसाठी. मी दुकानात ओढलेल्या फ्रीजच्या ट्रेमध्ये वळवळणाऱ्या अळ्या स्वतः बघितल्यात. पावसाळ्यात आठवड्याला एकदा प्लग काढून तो ट्रे ओता आणि घासून पुसा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

आपल्याकडं फ्रीजवर सगळ्यात मोठा भार दुधाचा. सकाळी म्हशीचं दूध तापवायचं आणि पातेलं कोमट असतानाच आत सरकवायचं, ही सवय घरोघरी आहे. पातेलं आधी परातीतल्या गार पाण्यात ठेवा, पाणी एकदा बदला, मग झाकून आत. साय पण चांगली जाड धरते. पण गार व्हायची वाट बघत दुपारपर्यंत ओट्यावरही ठेवू नका, दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. फ्रीजच्या आत चार अंश किंवा त्याच्या खाली असावं, फ्रीझर उणे अठरा. पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा, सकाळी आकडा कळतो. थर्मोस्टॅटचा मोठा आकडा म्हणजे जास्त गार, हेही पुष्कळांना उलटं वाटतं. लाईट गेली तर दार उघडू नका. बंद फ्रीज चार तास धरतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसही काढतो.

पुराचं लिहिल्याशिवाय कोल्हापुरातल्या फ्रीजवरचं लिखाण पुरं होत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा इथल्या घरांतून फ्रीज तरंगताना लोकांनी बघितलेत. आत हवा असते, तो उचलला जातो आणि आडवा पडतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते तेव्हाच, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता, प्लग काढून फ्रीज रिकामा करा आणि जमेल तेवढा उंच चढवा. पूर ओसरल्यावर कुणीही बटण दाबून बघायचं नाही. आधी घरचं वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या. कॉम्प्रेसर सीलबंद असल्यानं बऱ्याचदा वाचतो. रिले, थर्मोस्टॅट, पंखा बदलावे लागतात. पण फ्रीजच्या भिंतीतल्या पफमध्ये, म्हणजे गारवा धरणाऱ्या फोममध्ये, पुराचं पाणी मुरलं असेल तर ते वाळत नाही, वास जात नाही आणि गारवाही टिकत नाही. बाबा अशा वेळी दुरुस्तीचे पैसे घेत नाहीत, सरळ सांगतात की यावर खर्च करू नका. आडवा पडलेला फ्रीज निदान काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा, कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर यायला वेळ लागतो.

असा फ्रीज भंगारात जाणार असेल तर एक काम तुमच्या हातानं करा. तो अंगणात किंवा बोळात पडून असतो आणि लहान मुलं लपाछपीत आत शिरतात. जुन्या खिट्टीच्या दाराचे फ्रीज तर आतून उघडतच नाहीत. भंगारवाला कधी येईल याचा भरवसा नाही. वरच्या बिजागरीचे स्क्रू काढले की दार उचलून निघतं. ते वेगळं करा, आणि मगच फ्रीज घराबाहेर ठेवा.