तेओतिवाकान: दीड तास दुकानात, पाऊण तास पिरॅमिडपाशी

मेक्सिको सिटीहून तेओतिवाकान या पिरॅमिडांच्या प्राचीन शहराला जाणाऱ्या दिवसभराच्या टूर बघायला बसलात, की बहुतेकींच्या कार्यक्रमात एक निरुपद्रवी ओळ दिसेल: ‘स्थानिक कारागिरांच्या कार्यशाळेला भेट, पारंपरिक पेयांची चव’. ही भेट पिरॅमिडच्या आधी आहे की नंतर, आणि किती वेळाची, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. बाकीचं पुढे सांगतोच, पण कुणी वाचता वाचता मधेच उठणार असेल तर निदान एवढं लक्षात ठेवा.

आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे ह्यूस्टनला आले होते. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, म्हणून एका लाँग वीकेंडला त्यांना घेऊन गेलो. विमानतळ, हॉटेल, टॅक्सी, कुठे काही अडलं नाही. बाबांना जायचं होतं ते फक्त तेओतिवाकानला. तिथल्या पिसांच्या नागाच्या देवळाखाली २००३ मध्ये एक भुयार सापडलं. जोराच्या पावसाने जमिनीला भोक पडलं आणि त्यातून सेर्हिओ गोमेस हे पुरातत्त्वज्ञ दोराने खाली उतरले. पुढे त्याच भुयारात पारा सापडला, चक्क द्रवरूप. ही सगळी हकिगत बाबांना पाठ. भुयारात पर्यटकांना सोडत नाहीत हेही त्यांना ठाऊक होतं. ‘वरचं देऊळ तरी बघू’ एवढीच मागणी होती. आईचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे बस बदलत जाण्यापेक्षा गाइडसकटची टूर घ्यावी असं ठरलं.

सकाळी वेळेवर गाडी आली आणि मग बाकीच्यांना गोळा करत हॉटेलाहॉटेलांतून हिंडत राहिली. पहिला मुक्काम त्लातेलोल्को, मेक्सिको सिटीतलाच एक भाग. एकाच चौकात आस्तेकांच्या, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीच्या इथल्या राज्यकर्त्यांच्या, देवळांचे चौथरे, त्यांच्याच दगडांतून उभं केलेलं स्पॅनिश चर्च आणि मागे विसाव्या शतकातल्या सरकारी इमारती. १३ ऑगस्ट १५२१ ला आस्तेकांचा शेवटचा प्रतिकार इथे मोडला, तशी शिळा लावली आहे. २ ऑक्टोबर १९६८ ला विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याही इथेच. गाइडने हे दोन्ही एका दमात सांगितलं आणि ‘चला, गाडीत बसा’ म्हणाला.

मग ग्वादालुपेच्या मेरी मातेचं देऊळ, म्हणजे बासिलिका. जुनी इमारत एका बाजूला कललेली डोळ्यांना दिसते, कारण हे सगळं शहरच तळं बुजवून वसलंय. शेजारची गोल, तंबूसारखी नवी इमारत पेद्रो रामिरेस वास्केस यांनी बांधली, १९७६ मध्ये ती पुरी झाली. हुआन दिएगो या भाविकाच्या अंगरख्यावर उमटली असं मानतात ती देवीची तसबीर उंचावर लावली आहे आणि तिच्याखाली सरकते पट्टे आहेत. पट्ट्यावर उभं राहायचं, वर बघायचं, तोवर पलीकडच्या टोकाला पोचलेलो असतो. ढकलाढकली नाही, ‘चला पुढे चला’ नाही. आई तीनदा गेली. ‘हे पंढरपुरात का नाही करत?’ असं तिने मला विचारलं, जणू मी मंदिर समितीवरच आहे.

इथपर्यंत सगळे खुशीत होते. आता ते दुकान.

पिरॅमिडची टोकं लांबून दिसायला लागली, बाबांनी टोपी घातली, पाण्याची बाटली पिशवीत टाकली, आणि गाडी उजवीकडे एका पत्र्याच्या फाटकात वळली. आत आणखी सहा-सात टूरच्या गाड्या. ‘इथे फक्त वीस मिनिटं,’ गाइड म्हणाला.

सुरुवात चांगली झाली, हे कबूल करायला हवं. अंगणात एका माणसाने मागेईचं, म्हणजे आपल्या घायपाताचं, जाडजूड पान घेतलं. पानाच्या टोकाचा काळा काटा हलवून हलवून सैल केला आणि हळूच ओढला, तर काट्यामागून लांबच लांब तंतू निघत आले. सुई आणि तिच्यात आधीच ओवलेला दोरा. मग पानाचा वरचा पातळ पापुद्रा सोलला, कागदासारखा, आणि त्याच्यावर काट्याने आईचं नाव लिहिलं. आई एकदम पुढे सरसावली. ‘अरे, हे आमच्या फलटणच्या शेताच्या बांधावर होतं. आप्पा ह्याचा वाख काढून दोर वळायचे.’ घायपात मूळचं मेक्सिकोचंच, तिथूनच ते जगभर गेलं. मी तिचं बोलणं मोडक्या स्पॅनिशमध्ये त्या माणसाला सांगितलं. त्याने तो काटा-दोरा कागदात गुंडाळून आईच्या हातात ठेवला, पैसे घेतले नाहीत. अख्ख्या टूरमधली ही दहा मिनिटं सगळ्यांत चांगली.

मग पुल्के आलं. त्याच झाडाचा रस आंबवून केलेली पांढरी, जराशी तारदार दारू. बाबांनी घोटभर घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवला. मग मेस्कालचे, म्हणजे घायपाताच्याच कडक दारूचे, छोटे ग्लास, एकामागून एक, चार-पाच चवींचे. रिकाम्या पोटी, भर उन्हात, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून जास्त उंचीवर. हे मेस्काल फुकट का असतं ते पुढच्या दालनात कळतं.

पुढचं दालन ऑब्सिडियनचं. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच. एकाने गोल चकती उन्हात धरून तिरकी केली तशी काळ्यात सोनेरी झाक चमकली, सगळ्यांनी ‘वा’ केलं, आणि दार उघडून आम्हाला आत घेतलं. आत मुखवटे, कासवं, सुऱ्या, बुद्धिबळाचे पट, चांदीचे दागिने, ब्लँकेटं. प्रत्येक टेबलापाशी एक माणूस. किमतीची पाटी एकाही वस्तूवर नाही. बाबा कॅल्क्युलेटरसारखे ‘गुणिले पाच’ करत हिंडले आणि एका कासवापाशी थांबून म्हणाले, ‘एवढ्यात आपल्याकडे खरं कासव पाळता येईल.’

वीस मिनिटं झाली, मग चाळीस. गाइड कुठेच दिसेना. आमच्यातलं एक अर्जेंटिनाचं जोडपं मुखवट्याचा भाव करत होतं, ते संपल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. अखेर गाइड मागच्या खोलीत जेवताना सापडला. मी म्हटलं, ‘आम्हाला काही घ्यायचं नाहीये, पिरॅमिड पाच मिनिटांवर आहेत, आम्ही चालत पुढे जातो.’ तर तो गोड हसून म्हणाला, तिकिटं माझ्याकडे आहेत आणि ग्रुपची आहेत. मी विचारलं, ‘मग निघायचं कधी?’ ‘आओरीता.’ म्हणजे शब्दशः ‘आत्ताच’. मेक्सिकोत थोडे दिवस राहिलेल्या कुणालाही विचारा, हे उत्तर ऐकून पाण्याची बाटली उघडायची आणि सावली शोधायची.

माझा राग दुकानावर नाही. लोक कष्ट करतात, माल विकतात, विकावा. राग याचा की ऑब्सिडियन ही खरोखर ह्या शहराची मोठी गोष्ट होती आणि तिच्याबद्दल तिथे एक अक्षर कुणी बोललं नाही. तेओतिवाकानकडे धातूची हत्यारं नव्हती, सगळं कापणं-तासणं ह्या काचेवर चालायचं. पाचुकाजवळच्या डोंगरातली हिरवट ऑब्सिडियन इथे यायची, आणि इथून ती पार माया लोकांच्या तिकाल शहरापर्यंत पोचलेली सापडली आहे. बाबांनी टेबलावरच्या माणसाला विचारलं, ‘पाचुकाची हिरवी आहे का?’ तो म्हणाला, ‘हिरवी आहे, निळी आहे, लाल पण आहे. कार्ड चालेल.’

दीड तासाने निघालो. गेटवर पोचलो तेव्हा ऊन ऐन डोक्यावर आणि सावलीला झाड नाही. गाइडने सूर्य पिरॅमिडसमोर उभं करून जाहीर केलं, ‘इथे पंचेचाळीस मिनिटं, मग जेवण.’ मी विचारलं, नागाचं देऊळ? ‘ते लांब आहे. आज वेळ नाही.’ बाबा काही बोलले नाहीत, नुसती टोपी काढून घाम पुसला. बाबा भांडले असते तर मी कदाचित गप्प बसलो असतो.

मी गाइडला सांगितलं, आम्ही तिघं इथेच उतरतो, परत आमचे आम्ही येऊ. तो पहिल्यांदाच गंभीर झाला. शहरात परत सोडणं आमच्या पॅकेजमध्ये आहे, वाटेत सोडता येत नाही वगैरे. शेवटी वहीचं पान फाडून त्यावर ‘आम्ही स्वखुशीने टूर सोडत आहोत’ असं माझ्याकडून लिहून घेतलं, खाली तिघांच्या सह्या. आईने मराठीत सही केली. बुफेचे पैसे आधीच भरले होते, ते गेले. गेले तर गेले.

पुढचे तीन-चार तास मी कुठल्याही टूरला देणार नाही.

सूर्य पिरॅमिडवर चढायला महासाथीपासून बंदी आहे, तेव्हा जुने फोटो बघून बूट आवळत बसू नका. पासष्टेक मीटर उंच आहे, खालून बघायलाच मान दुखते. त्याच्या दक्षिणेला झाडीत संग्रहालय आहे, तिकडे टूरवाले सहसा फिरकत नाहीत. आत काचेच्या जमिनीखाली अख्ख्या शहराची प्रतिकृती मांडली आहे, तुम्ही तिच्यावरून चालता, आणि समोरच्या मोठ्या खिडकीत खरा पिरॅमिड. शेजारच्या कपाटांत ऑब्सिडियनची पाती. बाबा तिथे इतके रमले की आईने बाकावर बसून एक डुलकी काढली. सकाळी गाडीत एकजण सारखा ‘आस्तेकांचे पिरॅमिड’ म्हणत होता आणि गाइडने त्याला दुरुस्त केलं नव्हतं. ते बाबांच्या मनात राहिलं असावं. हे शहर सहाव्या-सातव्या शतकात मोडलं आणि आस्तेक आले ते त्यानंतर कितीतरी शतकांनी, त्यांनाही हे अवशेषच मिळाले, हे त्यांनी मला तिथे उभं राहून दोनदा सांगितलं.

मग मृतांच्या रस्त्याने, म्हणजे त्या शहराच्या मधल्या हमरस्त्याने, सावकाश सिउदादेलाकडे, नागाचं देऊळ असलेल्या चौकाकडे. वाटेत जॅग्वारच्या गुरगुरण्याचा आवाज काढणाऱ्या मातीच्या शिट्ट्या विकणारे भेटतात, पहिल्यांदा दचकायला होतं. नागाच्या देवळाच्या दर्शनी भिंतीतून दगडी डोकी बाहेर आलेली आहेत, गळ्याभोवती पिसांची झालर, आणि खालच्या पट्टीत शंख-शिंपले कोरलेले. बाबा कठड्यापाशी उभे राहिले आणि भुयाराचं तोंड कुठे असेल ते मला बोटाने दाखवत राहिले.

एकूण चाल सिउदादेलापासून चंद्र पिरॅमिडपर्यंत दोनेक किलोमीटर आहे. म्हणून ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर टूरवाल्याला आधीच सांगा, गेट एकला उतरवा आणि गेट तीनला घ्यायला या. सगळं एकाच दिशेने होतं, उलटं चालावं लागत नाही. आम्हाला चंद्र पिरॅमिड लांबूनच बघावा लागला, तेवढी एक गोष्ट राहिली.

गेट एकच्या बाहेरून शहराची बस मिळते, ‘सेंत्राल देल नोर्ते’ विचारायचं. मला वाटलं होतं आईचे हाल होतील, तर सीट सकाळच्या गाडीपेक्षा ऐसपैस. तासाभरात पोचलो आणि बस स्टँडच्या दारातच मेट्रो. जातानाही ह्याच स्टँडवरून ‘पिरामिदेस’ लिहिलेल्या बस सुटतात. जागा सकाळी आठला उघडते, तेव्हाच पोचलात तर ऊन नाही, गर्दी नाही, आणि आकाशात गरम हवेचे फुगे. गाइड हवाच असेल तर गळ्यात सरकारी ओळखपत्र असलेला घ्या, आणि दुकान नको हे भाव ठरवतानाच सांगा. रविवार टाळा, मेक्सिकन नागरिकांना त्या दिवशी प्रवेश मोफत असतो.

कंपनीला मी सविस्तर मेल लिहिली. उत्तर आलं की कार्यशाळा हा सांस्कृतिक अनुभवाचा अविभाज्य भाग आहे, आणि सोबत पुढच्या टूरवर दहा टक्के सवलतीचं कूपन. ते बाबांना दाखवलं, तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं की कासवावर चालतं का.

खाण्याचं राहिलंच. शाकाहारी असाल तर गेटबाहेर भोपळ्याच्या फुलांच्या केसादिया (सारण भरून दुमडलेल्या पोळ्या) मिळतात, आणि नोपालची म्हणजे निवडुंगाची भाजी. उसळीसारखे फ्रिहोलेस मागवताना मात्र ‘मान्तेका’ आहे का विचारा, त्यात डुकराची चरबी असू शकते. आणि खिशात पाच-दहा पेसोंची नाणी ठेवा. स्वच्छतागृहाबाहेर बसलेल्या बाईंकडे सुटे कधीच नसतात.