बेशरम कापली की पेरली?

आमच्या गावच्या तलावातली बेशरम, म्हणजे पाण्यातही फोफावणारं एक झुडूप, काढायला आम्ही पहिल्यांदा उतरलो ते 2022च्या मे महिन्यात. आमच्या मंडळातली पंधरा पोरं, नऊ कोयते, एक ट्रॅक्टर-ट्रॉली आणि माझा मोबाइल. माझं स्टँडवर झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे, त्यामुळे गावात कुठलंही काम निघालं की फोटो आणि अर्ज हे दोन विषय आपसूक माझ्याकडे येतात. चार दिवसांत पाळीखालचा (पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध) अख्खा पट्टा कापून मोकळा केला. कापलेला माल तिथंच पाळीच्या पायथ्याशी लोटला. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी लावून स्टेटसला टाकला. त्याचं जेवढं कौतुक झालं तेवढं माझ्या लग्नाच्या फोटोंचंही झालं नव्हतं.

शेवटच्या दिवशी ढिवरटोलीतल्या, म्हणजे मासेमार ढिवरांच्या वस्तीतल्या, एक मावशी डोक्यावर जाळं घेऊन पाळीवरून चालल्या होत्या. थांबल्या, ढिगाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाबू, तुमी बेशरम कापून रायले का पेरून रायले?"

आम्ही हसलो. मावशी हसल्या नाहीत.

जुलैत कळलं. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, गडबडीत महिनाभर तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. एका सकाळी गेलो तर ढिगाचा डोंगर हिरवागार. एक कांडी उपसून हातात घेतली. वीतभर लांब, दोन्ही टोकांना आमच्याच कोयत्याचा तिरका काप. चिखलाला टेकलेल्या बाजूनं पांढऱ्या मुळ्यांची दाढी फुटलेली आणि वरच्या डोळ्यातून बदामाच्या आकाराची दोन कोवळी पानं. अशा हजारो. पावसाच्या पाण्यानं त्यातल्या कितीतरी वाहत तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन लागल्या होत्या, जिथं आधी बेशरम नव्हतीच.

ज्यांच्याकडे हे झुडूप नाही त्यांना सांगतो. ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. फुलं जांभळट गुलाबी, दिसायला छान. तोडलं की पांढरा चीक येतो. गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला लोकप्रिय. शेळीला चुकून नाद लागलाच तर ती झिंगल्यासारखी मान हलवत फिरते. पाण्यात जगतं, कोरड्यातही जगतं, कापलं तरी जगतं. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण विचार करून ठेवलंय. आमच्या घराचं मागचं कुंपणही बेशरमचंच आहे. ते त्या वेळी माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोंदिया जिल्हा. नवेगावबांध सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या जातकुळीतले लहानमोठे तलाव आमच्याकडे गावोगाव आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सात हजारांच्या आसपास. गोंड राजांच्या काळात यातले बरेचसे कोहळी लोकांनी बांधले. पुढे ते मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात राहिले आणि 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली तसे सरकारकडे आले. म्हणून कागदावर आजही नाव "माजी मालगुजारी तलाव". मालगुजार माजी झाला आणि दरवर्षी पाळीवर माती टाकायला, नहर (पाण्याचा पाट) साफ करायला गावानं एकत्र येण्याची रीतही हळूहळू माजी झाली. माझे आजोबा सांगायचे, पाळीच्या कामाला घरटी एक माणूस जायचाच. आमच्या पिढीला पाळ म्हणजे संध्याकाळी नेटवर्क मिळण्याची जागा.

पहिल्या वर्षाची फजिती झाल्यावर मंडळातली निम्मी पोरं गळाली. उरलेले सातजण दिवाळीनंतर ढिवरटोलीत मावशींच्या अंगणात जाऊन बसलो. खरं तर हे आधी करायला हवं होतं. त्या लोकांची रोजी या पाण्यावर आणि आम्ही त्यांना एका शब्दानं न विचारता "तलाव वाचवा" म्हणून उतरलो होतो. त्या संध्याकाळी आम्हाला दोन गोष्टी कळल्या. एक, बेशरम खणायची असते, कापायची नसते, आणि तीही एप्रिल-मेमध्ये पाणी आटून जमीन उघडी पडल्यावर. दोन, बेशरम काढणं हे काम अर्धंच. मावशी म्हणाल्या, "रिकामी जागा ठेवसाल त थेच येईन. तिच्या जागी दुसरं लावा लागते न जी."

दुसरं म्हणजे तलावाच्या आपल्या वनस्पती. त्यांनी बोटांवर मोजत नावं घेतली: चिला, गाद, परसूड, पोवन, देवधान. मी यातलं फक्त देवधान ऐकलं होतं, तेही उपासाच्या संदर्भात. काही पाण्याखाली वाढणाऱ्या, काहींची पानं वर तरंगणारी, काही काठावर उभ्या राहणाऱ्या. मासा अंडी घालणार, पिल्लं लपणार ती यांच्यात. तलावात वनस्पती नाही म्हणजे घरात चूल नाही, असा त्यांचा हिशोब. हे शहाणपण आमच्या तालुक्यात नवं नाही. ढिवर समाजाच्या लोकांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाबरोबर काही तलावांत हे काम आमच्या कितीतरी आधी करून दाखवलंय. आम्ही मात्र मोबाइलवर परदेशातल्या यंत्रांचे व्हिडिओ बघत होतो.

आता कागदांचं. तलावात काम करायचं तर तलाव कुणाचा हे आधी समजून घ्यावं लागतं. जमीन आणि पाळ एका खात्याची, मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीचा, पाणी शेतकऱ्यांचं, आणि गणपती-शारदा विसर्जनाला तो सगळ्या गावाचा. अर्जात "खोलीकरण" लिहिलं की एका टेबलावर, "स्वच्छता" लिहिलं की दुसऱ्या टेबलावर. मी दुकानदार असूनही माझ्याच झेरॉक्सचा खर्च मला जड झाला. शेवटी काम झालं ते ग्रामसभेच्या ठरावानं आणि त्याला जोडलेल्या सोसायटीच्या ना-हरकत पत्रानं. कुणाला असं काही करायचं असेल तर ही दोन कागदं आधी करा, बाकी फिरणं निम्म्यावर येतं. आणि ठरावात "बेशरम निर्मूलन व जलवनस्पती लागवड" असं स्वच्छ लिहा. नुसतं "सुशोभीकरण" लिहिलं तर कुणीतरी बाकडी आणि पेव्हर ब्लॉक घेऊन येतो.

2023चा उन्हाळा. या वेळी कोयते नाहीत, कुदळी आणि सब्बल (पहार). बेशरमचं मूळ वरून दिसतं त्याच्या तिप्पट खाली असतं. सकाळी सहा ते नऊ खणायचं, नंतर ऊन बोलू देत नाही. खणलेली झुडपं मुळं वर करून पाळीच्या माथ्यावर वाळत घालायची, खाली मातीला टेकू द्यायची नाहीत. मावशी आणि त्यांच्या बचत गटातल्या अकरा बाया रोज यायच्या आणि आमच्या मागून फिरून सुटलेल्या कांड्या पदरात वेचायच्या. बोटभर तुकडासुद्धा सोडत नव्हत्या. आमच्यातला एकजण म्हणाला, "काकी, एवढूशानं काय होतंय?" त्यांनी तो तुकडा त्याच्या खिशात घातला आणि म्हणाल्या, "घरी कुंडीत लाव, मंग सांग." पंधरा दिवसांनी सगळं वाळून कडकडीत झालं, मग पेटवलं. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात एक ट्रॅक्टरवाला फक्त डिझेलवर नांगरट करून द्यायला तयार झाला.

जुलैत दोन कोसांवरच्या एका बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, वनस्पती आणल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून, सायकलवर. गुडघाभर पाण्यात रांगेनं उभं राहून मुळाशी चिखलाचा गोळा थापायचा आणि पायाच्या अंगठ्यानं तळात दाबायचं. मला धानाची रोवणी येते, पण ही जमेना. माझी रोपं दहा मिनिटांत वर तरंगायची. बाया हसून हसून बेजार. शेवटी मला काठावर बसवून गोळे थापायला लावलं.

लावलेलं टिकणार की नाही हे मात्र माशांवर होतं. सोसायटी दरवर्षी रोहू, कतला, मिरगलचं बीज सोडते, त्याच्याबरोबर गवत्या आणि सिप्रिनस. गवत्याचं नावच सांगतं तो काय खातो. सिप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो, मग पाण्याखालच्या वनस्पतीला ऊन मिळत नाही. पण तो वाढतो झपाट्यानं आणि बाजारात खपतो. सोसायटीच्या अध्यक्षांचं म्हणणं साधं होतं: "तुमची चिला काही आमच्या पोरांची फी भरत नाही." खोटं काय होतं त्यात? तीन बैठका झाल्या. तोडगा निघाला तो असा: दोन वर्षं हे दोन मासे सोडायचे नाहीत, आणि त्या बदल्यात शेतकऱ्यांनी तुडूमचं शेवटचं भोक उघडायचं नाही.

हे तुडूम प्रकरण समजावून सांगतो, कारण सगळं भांडण तिथंच आहे. तुडूम म्हणजे तलावातून नहरात पाणी सोडायची जागा. उभ्या बांधकामात वर-खाली भोकं, प्रत्येकात लाकडी बोळा. पाणी जसं उतरतं तसं खालचं भोक उघडायचं. हलका धान लवकर निघतो, पण भारी धानाला ऑक्टोबरात एक शेवटचं पाणी लागतंच. त्या पाण्यासाठी सगळ्यात खालचं भोक उघडलं की तलावात डबकं उरतं आणि उन्हाळ्यापर्यंत मासा संपतो. आमचं शेत नहराच्या शेपटाला. म्हणजे खालचं भोक बंद राहिलं तर पहिली मरणार ती आमचीच बांधी, म्हणजे धानाचं शेत. ग्रामसभेत ठरावाचा मसुदा मीच वाचत होतो आणि समोर वडील मान खाली घालून बसले होते. घरी आल्यावर ते एवढंच बोलले, "पुढल्या साली हलका धान लावू." जेवताना मात्र कुणी कुणाशी बोललं नाही.

मधे एक आगाऊपणा केला तोही सांगून टाकतो. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना 2017पासून आहे. गाळ शेतात टाकायला आमचे सगळे शेतकरी उत्सुक. जेसीबी आला तेव्हा कुठे खोदायचं हे दाखवायला मीच उभा होतो आणि सोयीचं म्हणून घाटाजवळची जागा दाखवली. उतरत्या काठाचा सरळ कडा झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला आणले, त्यातला एक सवयीनं दोन पावलं पुढं गेला आणि छातीपर्यंत चिखलात रुतला. दोर लावून वीस माणसांनी ओढला तेव्हा निघाला. बैल वाचला, पण त्याच्या धन्यानं वर्षभर माझ्या दुकानातून रिचार्ज केलं नाही. खोदायचं तर मधे, आणि काठाला उतार ठेवून. पाणपक्षी आणि ढोरं दोघंही उतारावरूनच पाण्यात जातात.

विसर्जनाचं तुलनेनं सोपं गेलं. एप्रिलमध्ये पाणी उतरल्यावर मूर्तींच्या लाकडी पाट्या वर येतात, खिळ्यांसकट. जाळं ओढताना एकाच्या तळपायात असा खिळा आरपार गेला होता. ती पाटी मंडळांच्या बैठकीत टेबलावर ठेवली. पाळीच्या बाजूला वेगळा खड्डा खणायला कुणी फारशी खळखळ केली नाही. भुजली, म्हणजे सणासाठी उगवलेले गव्हाचे कोंब, मात्र तलावातच शिरवतात. तिच्यात खिळा नसतो.

2024च्या पावसाळ्यात पट्ट्यातली पानं वर आली. पाण्यावर पोपटी गालिचा नाही झाला, उगाच सांगत नाही. ठिगळं ठिगळं आली, मधे मधे मोकळं पाणी. ऑगस्टमध्ये एका सकाळी मावशींनी फोन करून बोलावलं. तरंगत्या पानांवर कमळपक्षी चालत होता, लांब बोटं टाकत, पान दबतंय न दबतंय तोवर पुढचं पाऊल. हिवाळ्यात अडया, म्हणजे छोटी रानबदकं, आली. जाळ्यात मरळ आणि शिंगी पुन्हा दिसायला लागली, आणि देशी मासा किलोमागे जास्त पैसे देतो हे सोसायटीच्या अध्यक्षांनी स्वतःहून मला सांगितलं, जणू काही मीच विरोध करत होतो. सारस अजून उतरलेला नाही. जिल्ह्यात आहेत म्हणून आशा.

दोन वर्षांचा करार आता संपलाय. गवत्याचं काय करायचं यावर सोसायटीत दोन तट आहेत आणि शेपटाच्या शेतकऱ्यांना शेवटचं भोक उघडून हवंय. वडील बैठकीला जातात, मसुदा मी लिहितो.

मागच्या महिन्यात मावशी आमच्या घरी आल्या होत्या, आधार अपडेटच्या कामानं. चहा घेता घेता मागच्या दारी गेल्या आणि परत येऊन माझ्याकडे बघत राहिल्या. पाऊस आला की आमच्या मागच्या नालीचं पाणी थेट तलावात जातं. मी कुदळ काढली तर आई आडवी आली. कुंपण गेलं तर शेजाऱ्याच्या शेळ्या वांगी ठेवतील का, असा तिचा सवाल. बराच वेळ घासाघीस झाली. नालीकडची बाजू तिनं खणू दिली आहे. वांग्यांकडची बाजू अजून उभी आहे, आणि सध्या फुलावर आहे.