बदकांनी दाणे टिपले, मग पुढे?

मे महिन्यात दादाची दोन्ही पोरं आठ दिवस माझ्याकडे राहायला होती, मोठा नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून पिठीसाखर आणि मिठाची अदलाबदल केली, डबे तेच, लेबलं तीच, आतला माल फक्त बदलला. सकाळचा पहिला चहा तोंडात गेला आणि मला सगळं कळलं. ओरडणार होते, पण ओट्याखाली बसून दोघं एकमेकांचं तोंड दाबून हसत होती ते बघितलं आणि ओरडायच्या ऐवजी कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. म्हणलं चला, आज तुमच्याच जातीच्या दोघांची गोष्ट.

पुण्यात मॅक्समुल्लर भवनला जर्मन शिकत होते तेव्हापासून हे पुस्तक माझ्याकडे आहे. 'माक्स उंड मोरित्स', विल्हेल्म बुशचं, १८६५ सालचं. म्युनिकच्या प्रकाशकाने बुशला सगळे हक्क विकत घेऊन एकरकमी १००० गुल्डन दिले होते, पहिली आवृत्ती ४००० प्रतींची, आणि मग ते पुस्तक जे चाललं ते अजून चालूच आहे. सात खोड्या, सगळं यमकात, दर चार-दोन ओळींना चित्र. दोघं भाऊ आहेत असं जवळजवळ सगळे धरून चालतात पण पुस्तकात तसं कुठेच लिहिलेलं नाही. आई नाही, बाप नाही, घर नाही, एकदम गावात दोन पोरं आहेत आणि ती छळतायत, बस. लहानपणी भाऊ-बहीण असेच असतात ना, घरात असूनही त्यांचं वेगळंच एक राज्य असतं आणि त्यात मोठ्या माणसांना एंट्री नसते.

पहिली खोडी कोंबड्यांची. बोल्टे नावाच्या विधवा बाईच्या तीन कोंबड्या आणि एक कोंबडा. ही दोघं पावाचे चार तुकडे करतात, दोन दोऱ्यांची फुली बांधून चार टोकांना चार तुकडे अडकवतात आणि अंगणात ठेवून देतात. चौघंही येतात, गिळतात, आणि मग कुणालाच हलता येत नाही, सगळी एकमेकांना बांधलेली. फडफडत वर उडतात आणि झाडाच्या वाळक्या फांदीला लटकतात. आणि इथे बुश काय लिहितो, तर प्रत्येकीने घाईघाईत एकेक अंडं घातलं आणि मग मरण आलं. चित्रात अंडी खरंच खाली पडताना दाखवलीयत. मोठा पोटावर पडून हसायला लागला, धाकटी आधी हसली मग एकदम गप्प झाली, मग परत हसली. मला ते तिचं मधलं गप्प होणं फार आवडतं, या सगळ्या प्रकारच्या लिखाणाची गंमत त्या दोन सेकंदांत आहे असं मला मनापासून वाटतं, पोराला कळतं की हे भयंकर आहे आणि कळूनही हसू येतं, दोन्ही एकाच वेळी.

मग पुढे पुढे वाढतच जातं. त्याच मेलेल्या कोंबड्या बोल्टेबाई दुःख गिळून तळायला ठेवतात आणि आंबवलेला कोबी आणायला तळघरात जातात तेवढ्यात ही पोरं धुराड्यातून गळ टाकून चारही ओढून घेतात, आणि मार कोण खातं तर बाईंचा कुत्रा. ब्योक नावाचा शिंपी, त्याच्या घरासमोर ओढ्यावरची फळी करवतीने कापून ठेवतात आणि बकरीसारखं मेक मेक करून त्याला चिडवतात, तो चिडून धावत येतो आणि फळीसकट पाण्यात. थंडीने पोटात कळ आली म्हणून बायको त्याच्या पोटावर गरम इस्त्री फिरवते! हे चित्र पोरांनी तीनदा बघितलं. मग लेम्पेल गुरुजी, त्यांच्या पाइपमध्ये बंदुकीची दारू. मग फ्रिट्झकाकांच्या अंथरुणात भुंगेरे. हे भुंगेरे म्हणजे आपल्याकडे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जे हुमणीचे तपकिरी भुंगेरे येतात ना, त्यांचेच भाऊबंद, त्यामुळे समजवायला काहीच लागलं नाही, दोघांनी लगेच मान हलवली आणि एकमेकांकडे बघितलं. (त्या रात्री मी गादी झटकून झोपले.)

मी जर्मन वाचत वाचत तोंडीच मराठी करत होते. यात मराठी एवढी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. बुशची अर्धी ताकद आवाजाच्या शब्दांत आहे, करवतीला 'रित्सेरात्स', कोंबडी वर खेचली की 'श्नुपडिवुप', गिरणीला 'रिकेराके'. इंग्रजीत हे वाचताना मला नेहमी कोरडं वाटतं, पण मराठीत करकर, सुर्रकन, घरघर, कडाकडा, कमी काय आहे! "करकर करकर करवत चाले, फळीमधे बघ भगदाड झाले" हे आपोआप तोंडातून आलं आणि ते दोघांनी पाठ करून टाकलं, दिवसभर तेच. शेवटच्या खोडीत शेतकऱ्याची धान्याची पोती ही पोरं फाडतात, तो दोघांनाच पोत्यात कोंबतो आणि गिरणीवर नेऊन सांगतो की हे दळून दे. आणि गिरणीवाला दळतो. जर्मन शब्द आहे तो बारीक पिठाचा नाही, जाडसर दळण्याचा आहे, म्हणजे आपली भरड. घरघर घरघर, कडकड कडकड, गिरणी दळते भरड भरड. पुढच्या चित्रात खाली दाणे पडलेत ते माक्स आणि मोरित्स ज्या आकाराचे होते त्याच आकारात, मोरित्सच्या डोक्यावरचा केसांचा झुपका सुद्धा दाण्यांचा. आणि गिरणीवाल्याची बदकं येऊन ते टिपून टाकतात.

मला वाटलं होतं धाकटी रडेल. नाही रडली. बेकरीवाल्याने कणकेत गुंडाळून भट्टीत भाजलं तेव्हा ती पोरं पाव कुरतडून बाहेर आली होती ना, त्यामुळे तिला वाटलं आतापण येतील, बदकाच्या पोटातून. मी पान उलटलं. शेवटचं पान म्हणजे गावाला बातमी कळते आणि सगळे एकेक वाक्य बोलतात, बोल्टेबाई म्हणतात मला वाटलंच होतं, शिंपी, गुरुजी, सगळे काही ना काही बोलतात, आणि गावभर देवाचे आभार मानत सुटकेचा निःश्वास. दुःखाचं नावसुद्धा नाही. तिथे मोठा म्हणाला, "आत्या, एवढ्या गावात कोणीच नाही रडलं?"

मी हे पुस्तक निदान दहा वेळा वाचलं असेल, पण माझं लक्ष कायम गिरणीवर. काळं जे आहे ते गिरणीत आहे असंच मला वाटायचं. पोराने बरोब्बर दुसरीकडे बोट ठेवलं. खोड्या काय, सगळीच पोरं करतात, पण दोन पोरं दळून निघतात आणि एकही मोठं माणूस थांबत नाही.

आणि मग मला बुशचं लहानपण आठवलं, ते मी त्या दोघांना सांगितलं. सात भावंडांत हा थोरला. व्हीडेनझाल नावाच्या गावातून नऊ वर्षांचा असताना त्याला मामाकडे एबरगोत्सेनला पाठवून दिलं, घरात जागा पुरेना आणि मामा पाद्री, शिकवणारा. तिथे गिरणीवाल्याच्या मुलाशी, एरिकशी त्याची दोस्ती झाली ती जन्मभर टिकली, ओढ्याकाठी हुंदडणं, गिरणीत जाणं, सगळं दोघांचं बरोबर. ती गिरणी आज म्युझियम आहे. तीन वर्षांनी हा घरी आला, वाटेत आई भेटली, आणि आईने त्याला ओळखलंच नाही. बारा वर्षांचं पोर समोर उभं आणि आई पुढे निघून गेली. हे ऐकून मोठा काही बोलला नाही, धाकटी माझ्या मांडीवर सरकली.

मी आणि दादाने एकदा आजोबांच्या तपकिरीच्या डबीत लाल तिखट मिसळलं होतं. मी आठ, तो अकरा. ओसरीवर बसून त्यांनी चिमूट ओढली आणि आम्ही कणगीमागून बघत होतो, पहिल्या शिंकेला हसलो, दुसऱ्या शिंकेला हसलो, मग त्यांचे डोळे लाल झाले आणि ते चाचपडत भिंत शोधायला लागले तेव्हा दादाने माझा हात घट्ट धरला. आजीने पाण्याने डोळे धुतले, धुताना आमच्याकडे एकदा बघितलं. रात्री आजोबांनी नेहमीसारखंच हाक मारून गोष्टीला बसवलं, आवाज अजून बसलेला होता. ती गोष्ट आम्ही दोघांनी एकमेकांना चिकटून, मान खाली घालून ऐकली.

याच जातीच्या भावंडांची पुढची पिढी अमेरिकेत झाली. रुडॉल्फ डर्क्स नावाच्या जर्मनीत जन्मलेल्या तरुण चित्रकाराने १८९७ च्या डिसेंबरमध्ये हर्स्टच्या 'न्यूयॉर्क जर्नल' या वर्तमानपत्रात 'कॅटझनजॅमर किड्स' सुरू केलं, हान्स आणि फ्रिट्झ, जुळे भाऊ, थेट माक्स-मोरित्सवरून घेतलेले. ती कॉमिक पट्टी २००६ पर्यंत चालली. पण तिथे एक मोठा फरक आहे, तिथे घरात मामा आहे, म्हणजे आई, आणि शेवटी पार्श्वभागावर फटके बसतात आणि पुढच्या रविवारी पोरं परत हजर. मला ते आवडतं, नाही असं नाही, पण फटके बसले की हिशेब मिटला. बुशमध्ये हिशेब मिटत नाही.

पोरांना असलं वाचायला देऊ नये म्हणणारे पालक मला भेटतात. मग आपल्या चिऊताईचं काय? आमच्या आजीच्या गोष्टीत भिजून आलेल्या कावळ्याला चिऊ दाराबाहेर ताटकळत ठेवते, थांब माझ्या बाळाला तीट लावते, आणि शेवटी आत घेऊन तापलेल्या तव्यावर बसवते. चार वर्षांच्या पोराला जेवताना ही गोष्ट सांगतात की! पोरं कच्ची नसतात. त्यांना फक्त बाजूला बसलेलं कुणीतरी लागतं.

निघायच्या दिवशी दादा न्यायला आला, बॅगा भरून झाल्या आणि धाकटी ते पुस्तक उलटंपालटं करत बसली होती, चित्रं शोधत. म्हणलं काय बघतेस. तर तिला तो बोल्टेबाईंचा पांढरा कुत्रा हवा होता, स्पिट्झ, ज्याने काहीच केलं नव्हतं आणि पळीचा मार खाल्ला. "त्याला कोणी सॉरी म्हणलं का?" दोघांनी मिळून तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, सातवी खोडी पानंपानं बघितली. स्पिट्झ परत कुठेच येत नाही.